नावाची मुदत

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण ही दोन भावांची गोष्ट आहे आणि नावं घेतल्याशिवाय ती सांगता येणार नाही. माझे मालक शिवशंकर आणि त्यांच्या पाठचे माझे दीर शिवहार. लग्न होऊन मी सेनगावहून या घरात आले तेव्हा शिवहार भाऊजी घरात नव्हते. त्यांचं नाव मात्र होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला शिवशंकर हिंगोलीला निघाले, तर माझ्या सासूबाई चांगुणाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दारात येऊन त्यांना म्हणाल्या, "नावाचं करून ये. आन् यंदा लिही, घरात सून आली. सेनगावची हाय. राधिका नाव हाय तिचं."

मला काही उमगेना. मी कुणाला कळवायची बातमी होते? संध्याकाळी शिवशंकर परत आले तेव्हा मी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

आमचं घर मेंढरांचं. वारंगा फाट्याच्या अलीकडे गाव, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळा भार कळपावर. उन्हाळ्यात कळप सिद्धेश्वरच्या धरणाकडे न्यायचा आणि पाऊस लागायच्या आत माघारी आणायचा. २००५च्या उन्हाळ्यात माघारी येताना माझे सासरे संपतराव पुढे होते आणि मागची बाजू शिवहार भाऊजींकडे होती. वय अठरा-एकोणीस. फाट्यावरच्या हॉटेलात टीव्हीवर मॅच चालू होती. ते घटकाभर उभे राहिले. तेवढ्यात मागची मेंढरं हायवेवर चढली आणि नांदेडकडून ट्रक आला. निम्मा कळप रस्त्यावर संपला.

आबांनी, म्हणजे संपतरावांनी, तिथेच फाट्यावर चारचौघांत त्यांना काठीने मारलं. "मला तू मेलास," असं म्हणाले. त्या संध्याकाळी भाऊजी घरी आलेच नाहीत.

पोलिसात नोंद झाली. नातलगांकडे फेऱ्या झाल्या. औंढ्याच्या यात्रेत माणसं उभी केली. काही हाती लागलं नाही.

शिवशंकर तेव्हा हिंगोलीत पुनमचंद शेठच्या इंटरनेट कॅफेत कामाला होते. बाजाराच्या दिवशी शिवहार भाऊजी तिथे यायचे, रिकामा कॉम्प्युटर दिसला की बसायचे आणि स्वतःचं नाव टाकून शोधायचे. काहीच निघायचं नाही. "दादा, मी दुनियेत न्हाईच बग," म्हणून हसायचे, आणि पुढच्या बाजारी पुन्हा तेच करायचे.

शिवशंकरांच्या डोक्यात ते राहिलं होतं. आपला भाऊ जिथे असेल तिथे कधीतरी कॉम्प्युटरसमोर बसेल आणि स्वतःचं नाव टाकेल, हे त्यांना ठाऊक होतं. मग ते टाकल्यावर काहीतरी निघालं पाहिजे. त्याच साली डॉट इनची नावं सगळ्यांना खुली झाली होती. आधी येईल त्याला नाव मिळणार, अशी रीत. कॅफेत शाळांची आणि दुकानांची चौकशी चालायची, माणसाच्या नावाची कुणी करत नव्हतं. नोंदणी करायला बँकेचं कार्ड लागायचं आणि आमच्या ओळखीत ते एकट्या पुनमचंद शेठकडे होतं. त्यांनी काही न विचारता कार्ड काढून दिलं. पुढच्या संक्रांतीच्या दिवशी 'शिवहारगडदे डॉट इन' हे नाव शिवशंकरांच्या खात्यावर नोंदलं गेलं.

पान साधं होतं. भाऊजींचा दहावीच्या फॉर्मवरचा फोटो, खाली फोन नंबर आणि दोन ओळी. तेव्हा मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरांवर उमटत नसत, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून शिवशंकरांनी ओळी कागदावर लिहून त्यांचा फोटो चढवला होता.

घरी येऊन त्यांनी आईला समजावलं, तेव्हा आत्याबाईंनी एकच विचारलं होतं, "हे नाव आता कायमचं आपलं झालं ना?"

"न्हाई माय. मुदतीनं मिळतं. साल संपलं की पुन्हा भरायचं. न्हाई भरलं तर नाव सुटतं, मग कुणीबी घेऊ शकतंय."

पुनमचंद शेठ म्हणाले होते की एकदम दहा वर्षांचं भरता येतं, घोर नको. ते शिवशंकरांनी सांगताच आत्याबाईंचा चेहरा बदलला.

"धा वर्षं? म्हंजे धा वर्षं तो येनार न्हाई असं धरूनच चालायचं काय? एका सालाचं भर. पुढच्या संक्रांतीला तो घरात असंल."

तेव्हापासून दर संक्रांतीला एका सालाचं भरायचं, असं ठरलं. भरताना पानावर आत्याबाईंची एक ओळ चढायची. ओळ फक्त एक, कारण जास्त लिहिलं तर पोरगं वाचायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. 'विहिरीला पाणी लागलं.' 'दादाचं लग्न ठरलं.' 'तुझ्या पुतणीचं नाव अंजली ठेवलं.' आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. पण संक्रांतीच्या आधी चार-आठ दिवस त्या गप्प गप्प असायच्या, तेव्हा मला कळायचं की यंदाची ओळ जुळवणं चालू आहे.

आबा त्यात कधी पडले नाहीत. फक्त एकदा, माझ्या लग्नाच्या आधी, शिवशंकर निघाले असता ते मेंढरांच्या वाडग्यातून म्हणाले, "लिही, मेंढरं पुन्ना तेवढीच झाली." त्या साली आत्याबाईंनी आपली ओळ मागे घेतली आणि आबांची चढवली.

नंबर उघडा असल्यामुळे फोन यायचे. कुणी म्हणायचा तुमचा भाऊ सुरतेत दवाखान्यात आहे, पैसे धाडा. कुणी नुसतं हसून ठेवून द्यायचा. सुरुवातीला शिवशंकर धावत जायचे. दोनदा सुरतेला, एकदा पार विजयवाड्याला गेले. पुढे आवाजावरून ओळखायला शिकले. कॅफे बंद पडला, पुनमचंद शेठनी मोबाइलचं दुकान टाकलं, शिवशंकर गावी येऊन मेंढरं पाहू लागले. नाव मात्र चालू होतं. आबा संक्रांतीच्या दोन दिवस आधी गेले. त्या साली आत्याबाईंनी सांगितलं, "लिही, आबा गेले." मी म्हटलं, आत्याबाई, जरा मायेचं काही तरी लिहू. त्या म्हणाल्या, "यात काय कमी हाय?"

गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर शिवशंकर मोटरसायकलवरून फाट्याकडे निघाले असताना जीपने त्यांना उडवलं. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, सळई बसली, त्यात जंतू गेला, पुन्हा ऑपरेशन झालं. मी तिकडे, अंजली आणि आत्याबाई घरी, कळप चुलत सासऱ्यांकडे. संक्रांत कधी आली न् गेली, आम्हांला ठाऊक नाही. आत्याबाईंना आठवण होती. पण लेक जगतो की नाही अशा अवस्थेत त्याला काय सांगायचं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. नाव नोंदवणाऱ्या कंपनीची आठवण करून देणारी पत्रं कॅफेच्या काळातल्या ईमेलवर जायची आणि ते खातं केव्हाच बंद पडलं होतं.

आम्ही घरी आलो तेव्हा माघ संपत आला होता. शिवशंकरांना ओसरीवर खाट टाकून दिली. एका दुपारी त्यांनी मोबाइल मागितला, काहीतरी दाबलं आणि तसाच छातीवर ठेवून पडून राहिले.

"काय झालं?"

"नाव गेलं," म्हणाले.

मी पाहिलं. भाऊजींच्या फोटोच्या जागी जाहिराती होत्या. वर लिहिलेलं होतं की या नावाची मुदत संपली आहे. शिवशंकरांनी पुनमचंद शेठना फोन लावला. ते म्हणाले, अजून पुरतं सुटलेलं नाही. वाढीव मुदत चालू आहे, दंड भरला तर परत मिळेल, पण ती मुदत उलटली की नाव बाजारात खुलं. शिवशंकर म्हणाले, उद्या बघतो. त्यांच्या आवाजात जीव नव्हता. आईला सांगू नको, एवढं मला बजावलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फोन आला. शिवशंकर झोपले होते म्हणून मी उचलला. पलीकडे कुणीतरी नुसतं उभं असल्यासारखं वाटलं. मागे गाड्यांचा आवाज.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"ते पान दिसंना गेलं," माणूस म्हणाला. घसा बसलेला होता. "शिवहार गडदेचं. काहून बंद झालं?"

असे फोन मला नवे नव्हते. मी तुटक बोलले, "तुमाला काय करायचं? काम काय?"

"काम काही न्हाई." मागे एक हॉर्न वाजला. "बंद झालं म्हून... म्हातारी हाय का?"

पैसे मागणारा कधी म्हातारीची चौकशी करत नाही. मी अंगणात गेले. आत्याबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. काही न बोलता मी फोन त्यांच्या कानाला लावला.

त्या ऐकत राहिल्या. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फार काही झालं नसावं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "घसा काहून बसला तुजा? थंडीत हिंडून राहिला काय?"

मग त्यांनी फोन मला परत दिला आणि म्हणाल्या, "शिवहार हाय. येतो म्हनतो." आणि उठून चुलीकडे गेल्या. तिथे विस्तवही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी फाट्यावर उतरून चालत आले. फोटोतला पोरगा माझ्या डोळ्यांसमोर होता. आला तो केस पिकायला लागलेला, पोट सुटलेला, ड्रायव्हरची खाकी पँट घातलेला माणूस. आत्याबाई वाडग्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरला, उलटा केला, तळव्यावरचे घट्टे पाहिले. त्या रडल्या नाहीत. तोच रडला, मोठ्याने, लहान लेकरासारखा. शेजारपाजारची माणसं जमली. त्या म्हणाल्या, "आंग धुऊन घे. दादाला भेट."

शिवशंकर खाटेवर उठून बसले होते. मला वाटलं होतं की दोघं गळ्यात पडतील. भाऊजींनी पाया पडायला वाकून हात पुढे केले तेव्हा शिवशंकरांनी आपला चांगला पाय मागे घेतला.

"बस," म्हणाले. "कुठं असतोस?"

"आदिलाबाद. ट्रकवर हाय. त्या दिशीच फाट्यावरून एका ट्रकात बसलो. आधी क्लीनर व्हतो, मंग ड्रायवर. लगन केलं. एक पोरगी हाय."

"ते पान कवा दिसलं तुला?"

"सुरुवातीलाच. दुसऱ्या-तिसऱ्या साली. निर्मलला एका कॅफेत बसलो व्हतो, नाव टाकलं."

शिवशंकरांचा अंदाज खरा ठरला होता. भावाने नाव टाकलं होतं, नाव निघालं होतं, जे व्हावं म्हणून त्यांनी केलं ते झालं होतं. आणि तरी.

"आन् मंग?"

"मंग दर साली संक्रांत झाली की बघायचो. माय काय म्हनती ते. एक ओळ वाचली की वरीस निघायचं."

"तुजं वरीस निघायचं," शिवशंकर म्हणाले. "आमचं?"

शिवशंकर थांबले नाहीत.

"मी सुरतेला गेलो दोनदा. दवाखान्यात पडलेल्या दुसऱ्याच्या भावाचं तोंड पाहून आलो. इतकी वर्षं मी तुजं नाव भरत राहिलो, आन् तू वाचत राहिलास? आबा गेल्याचं वाचलंस?"

"वाचलं."

"तवा कुठं व्हतास?"

"फाट्यावर." भाऊजींचा आवाज अगदी खाली गेला. "दहाव्याचा अंदाज धरून आलो व्हतो. हॉटेलात च्या पिलो. गावाकडं वळायचं धाडस झालं न्हाई. मंग आलेल्या गाडीनं गेलो. दादा, त्या रस्त्यानं माझा माल नेहमी जातो. कित्येक येळा गेलो इथून."

"आबांची ओळ वाचली न्हाई तू? मेंढरांची?"

"वाचली. कळली बी. ती कळली म्हूनच जमंना गेलं. ते रागात असते तर आलो असतो, दोन काठ्या खाल्ल्या असत्या, मोकळा झालो असतो. त्यांनी माफ केल्यावर कोन्या तोंडानं यावं?"

"आन् आता कोन्या तोंडानं आला?"

"पान गेलं," भाऊजी म्हणाले. "पंधरा-वीस दिस रोज बघत व्हतो. आज येईल, उद्या येईल. मंग वाटलं, माय गेली. ती हाय तवर ते पान बंद हू देनार न्हाई, हे मला ठाव व्हतं. म्हून फोन लावला."

मी दाराआड उभी होते. माझ्या मनात आलं, की इतकी वर्षं भरलं ते नाव भाऊजींना तिकडे ठेवून घेत होतं, आणि भरायचं राहिलं तेव्हा ते आले. शिवशंकरांच्याही मनात हेच आलं असणार, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत ते वळले नाहीत.

चार दिवसांनी पुनमचंद शेठचा फोन आला. वाढीव मुदत संपत आली होती. नाव सोडवायचं का?

"मी भरतो," भाऊजी लगेच म्हणाले. "दंड काय असंल तो भरतो."

"खातं माजं हाय," शिवशंकर म्हणाले. "मी भरू देनार न्हाई."

"दादा, त्या ओळी हायत तिथं."

"हायत. मी लिहिल्या. जाऊ दे त्या."

त्यांचा स्वर मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यांना सूड घ्यायचा होता, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हाती एवढी एकच गोष्ट उरली होती, जी न देणं त्यांना शक्य होतं.

दोघांनी आईकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला काहून इचारता? त्याला कळावं म्हून मी सांगत व्हते. आता तोंडानं सांगीन." मग भाऊजींना म्हणाल्या, "कोन्ती ओळ पायजे तुला?"

भाऊजी गोंधळले. म्हणाले, "विहिरीची."

"विहिरीला पानी लागलं त्या दिशी तुजा आबा खाली उतरला व्हता. दगड निसटून त्याच्या खांद्यावर पडला. वर काढला तर हसून राहिला व्हता. म्हने, खारं हाय का गोडं ते चाखून पाहा आधी. मी चाखलं. गोडं व्हतं. मंग म्हने, शिवहारला सांग. मी म्हटलं, तुमीच सांगा. तर उठून गेला."

शिवशंकरांनी मान वळवली. "हे मला म्हाईत न्हाई," म्हणाले.

"तू हिंगोलीला व्हतास."

त्या दुपारी आणि पुढच्या कितीतरी दुपारी आत्याबाई एकेक ओळ घेऊन बसायच्या. एवढुशा ओळीमागे केवढं काय असायचं. अंजलीच्या वेळी मी अडले होते, दाई घाबरली होती आणि आत्याबाईंनी जीप मिळेना म्हणून उसाची गाडी थांबवली होती, हे मी स्वतः विसरले होते. 'घरात सून आली' या माझ्यावरच्या ओळीमागे काय होतं तेही कळलं. शिवशंकर लग्नाला तयार नव्हते, भाऊ सापडल्याशिवाय करायचं नाही म्हणत होते, आणि आत्याबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. ऐकताना दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाहत नसत. पण दोघंही ऐकायला असायचे.

नाव सुटलं. उन्हाळ्यात अंजलीने ते टाकून पाहिलं तर पत्त्यांच्या कसल्याशा खेळाचं पान उघडलं, पैसे लावा म्हणून. ती चिडली, तक्रार करू म्हणाली. शिवशंकर म्हणाले, "आपलं नव्हतंच ते बाई. मुदतीनं घेतलं व्हतं."

भाऊजी आदिलाबादला परत गेले. तिकडे बायको आहे, पोरगी आहे, गाडी आहे. माल घेऊन इकडून जाताना आता ते गावात वळतात, रात्रभर राहतात, पहाटे निघतात. शिवशंकर त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. कुणाला वाटेल गावकीतला माणूस आला आहे. आत्याबाईंनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही.

पोळ्याच्या आधी एक मेंढी लंगडायला लागली. खुरात सडलं होतं. शिवशंकर काठी घेऊन वाडग्यात आले. त्यांना अजून खाली बसता येत नाही. भाऊजी त्या दिवशी आलेले होते. शिवशंकर म्हणाले, "धर तिला." भाऊजींनी मेंढी आडवी घेतली, मांडीवर पाय धरला. खुरातली घाण काढायची कशी हे हात विसरले होते. मेंढी झटके देत होती.

"इकडून न्हाई. बोटाच्या फटीतून," शिवशंकर वरून सांगत होते. "हळू. औषध वत आता."

औषध चरचरलं तशी मेंढी ओरडली. भाऊजींनी तिचं तोंड छातीशी घट्ट धरलं. शिवशंकर काठीवर भार देऊन उभे होते. मग त्यांनी विचारलं, "पोरगी कितवीला हाय तुजी?"

भाऊजींनी वर पाहिलं. इतक्या महिन्यांत शिवशंकरांनी तिकडच्या घराविषयी काही विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"सातवीला. ऐश्वर्या नाव हाय."

"मराठी येतं का तिला?"

"बोलती. लिहिता येत न्हाई. तिकडं शाळा तेलुगू हाय."

शिवशंकरांनी वाकून मेंढीचा खूर पाहिला. "सुट्टीत घिऊन ये," म्हणाले. "अंजली शिकवील."

भाऊजींनी मान हलवली. मेंढी केव्हाच शांत झाली होती, पण त्यांनी ती सोडली नाही.